पंचवीस प्रतींचं पाचवं पान

गल्लीत पत्र आलं मंगळवारी दुपारी, आणि बुधवारी सकाळी नळाला पाणी येईपर्यंत गल्लीने ताईच्या भावाला दोषी ठरवूनही टाकलं होतं.

तसं पाहिलं तर पत्र पालिकेचं, रस्ता हवा होता पालिकेला, आणि घरं पाडणार होती तीही पालिकाच. पण पालिकेवर चिडून करायचं काय? ती काही समोर येऊन बसत नाही. भाऊ मात्र दर बुधवारी सकाळी ताईकडे चहाला येऊन बसायचा, तोही ठरलेल्या खुर्चीत. सापडला तो चोर, बाकी सगळे साव.

भाऊ उपनगरातल्या साप्ताहिकात मुद्रितशोधक होता. म्हणजे अंक छापायला जाण्याआधी त्यातली ओळ न् ओळ वाचून चुका काढायचं काम त्याचं. बावीस वर्षं हेच चाललं होतं. खिशात कायम भिंग असायचं, म्हणून कचेरीत आणि कचेरीबाहेर सगळे त्याला भिंगकाका म्हणायचे. एकटी ताई त्याला अजून बारक्या म्हणायची. सहा वर्षांनी मोठी होती ती, आणि साठीला टेकलेला माणूस बारक्या कसा असेल, असला प्रश्न तिला कधी पडला नाही.

त्या अवाढव्य शहरात मोठी वर्तमानपत्रं चिक्कार होती. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला विमानतळ आणि मधल्या किनाऱ्यावर दाटीवाटीने राहणारी लाखो माणसं. त्यांच्यासाठी जगाच्या बातम्या छापणाऱ्यांना तोटा नव्हता. पण कुठलं गटार तुंबलंय, कुठल्या पुलाचा कठडा तुटलाय, या आठवड्यात पाणी किती वाजता येणार आणि शेजारच्या चौकातलं कोण गेलं, हे वाचायला लोक हे साप्ताहिक घ्यायचे. शुक्रवारी यायचं. सोळा पानं. भिंगकाकांना त्याचा अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना अक्कल नव्हती. "आमच्या अंकातून मुंगीसुद्धा माझ्या नजरेशिवाय जात नाही," असं ते ताईच्या गल्लीत येऊन शंभर वेळा बोलले होते. आता तेच बोलणं गळ्यात आलं.

त्या बुधवारी ते आले तेव्हा दार उघडं होतं आणि आत माणसं बसलेली होती. एरवी या वेळी तिथे फक्त बाळं असायची. ताई पाळणाघर चालवायची. गल्लीतल्या आणि पलीकडच्या इमारतींतल्या आठ बायका कामावर जाताना आपापली पोरं तिच्याकडे टाकून जायच्या. नवरा गेल्यापासून याच खोलीवर आणि याच आठ बाळांवर तिचं चाललं होतं. आज बाळं सतरंजीवर रांगत होती आणि त्यांच्या मधून पाय सांभाळत गल्लीतले पाचसहा जण उभे होते. पुढे होता शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, त्यामुळे गल्लीच्या वतीने बोलायचा मक्ता त्याच्याकडेच होता.

"या, या," शिंपी म्हणाला. "तुमचीच वाट बघतोय."

त्याच्या आवाजावरूनच काकांनी ओळखलं की चहा मिळायचा नाही.

ताईने पत्र हातात दिलं. काकांनी सवयीने भिंग काढलं आणि वाचलं. खाडीलगतच्या गल्लीतली एक्केचाळीस घरं किनारी रस्त्यासाठी घेण्यात येत आहेत. हरकती मागवणारी जाहीर सूचना स्थानिक साप्ताहिकात रीतसर प्रसिद्ध केली होती. तीस दिवसांत एकही हरकत आली नाही. सबब एकवीस दिवसांत घरं रिकामी करावीत. बदली खोल्या शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी मिळतील. काही म्हणणं असल्यास येत्या सोमवारी प्रभाग कार्यालयात हजर राहून सांगावं.

"असली सूचना आमच्या अंकात आलेलीच नाही," काका म्हणाले. "मी वाचलेली नाही म्हणजे आलेली नाही."

"हो का?" शिंप्याने खिशातून फोन काढला. "मी काल संध्याकाळी प्रभाग कार्यालयात जाऊन आलो. फायलीत तुमचा अंक लावलेला आहे. हा घ्या फोटो. पान पाच. घाला भिंग."

फोटोत त्यांचाच अंक होता. तेच नाव, तीच अक्षरं, दोन महिन्यांपूर्वीची तारीख. पाचव्या पानावर उजवीकडे खाली चौकटीत सूचना होती: खाडीलगतची गल्ली, घर क्रमांक एक ते एक्केचाळीस. काकांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"बारक्या," ताई म्हणाली. ती एका बाळाला मांडीवर थोपटत होती आणि तिचा आवाज त्या थोपटण्याइतकाच सावकाश होता. "तुला माहीत होतं?"

"नाही गं ताई. शपथ."

"शपथ राहू दे. माहीत होतं का ते सांग."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "स्वल्पविराम दिसतो, बहिणीची अख्खी गल्ली दिसत नाही." हसायला कुणी आलं नव्हतं, तरी दोघं हसले.

काका फोटोकडेच बघत होते. ती तारीख त्यांना ओळखीची वाटत होती. मग एकदम लक्षात आलं. "ताई, भावजींचा फोटो त्याच अंकात आला होता ना?"

भावजी, म्हणजे ताईचा नवरा, खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी बोटीवर इंजिन सांभाळायचे. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा साप्ताहिकात त्यांची आठवण छापून आली होती, फोटोसकट. संपादकांनी स्वतःहून जागा दिली होती. "काकांच्या घरचं माणूस, आपल्याकडून" असं म्हणाले होते. ताईने ते कात्रण काचेत बसवून भिंतीला लावलं होतं. काकांनी खुर्चीवर चढून ते उतरवलं. ताईची कात्री नेहमीच सढळ. भावजींच्या सोबत शेजारच्या रकान्यातलं पाण्याचं वेळापत्रकही अर्धं कापून आलं होतं. फोनमधल्या फोटोत सूचनेच्या शेजारी तेच वेळापत्रक होतं, ओळीला ओळ लावून. ताईने कात्रणावर लिहून ठेवलेली तारीखही तीच.

एकच पान होतं. घरोघरी गेलेल्या अंकात तिथे भावजी हसत होते, आणि कार्यालयात गेलेल्या अंकात त्याच चौकटीत त्यांच्या बायकोचं घर पाडायची सूचना होती.

एक बाळ काकांच्या चपलेचा अंगठा चोखत होतं.

"म्हणजे मुद्दाम केलंय कुणीतरी," शिंपी शेवटी म्हणाला. काकांना क्षणभर बरं वाटलं. पण शिंप्याने कापड मापल्यासारखं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या कचेरीत दोन-दोन पानं छापली जातात. आणि तुम्हाला पत्ता नाही. बरं, मानलं."

मानलं म्हणाला, पण मानलेलं कुठे दिसेना. ताईने काच पुन्हा भिंतीला लावली, पुसली, आणि पहिल्यांदाच भावाला "जेवून जा" म्हणाली नाही.

*

कचेरी दोन मजल्यांची होती. खाली छपाई, वर सगळं बाकीचं. जिना चढताना काकांच्या डोक्यात भुंगा सुरू झाला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे हे त्यांना आज शोधायचंच होतं.

वर चारच माणसं बसायची, म्हणजे संशय घ्यायला फार लांब जायला नको. जाहिराती घेणाऱ्या बाई नेहमीसारख्या फोन खांद्याशी दाबून बोलत होत्या आणि काकांना पाहून त्यांनी बोलणं आवरतं घेतलं. का आवरलं? एरवी आवरत नाहीत. संगणकावर पानं लावणारा पानवाला कानात गाण्याची ती दोन बोंडं घालून बसला होता. तो वर्षानुवर्षं तसाच बसायचा, पण आज काकांना वाटलं, ऐकू येऊ नये म्हणूनच बसलाय. आणि काचेच्या खोलीत संपादक. वडिलांच्या जागी आलेले, गोड बोलणारे, माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय वाक्य पुरं न करणारे. तोच हात आज कुणाच्या खिशात होता, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग लाजेचा राग आला. ज्या घरात बावीस वर्षं भाकर खाल्ली त्या घराच्या भिंतींचा वास घेत फिरायची वेळ यावी, हे काय जगणं झालं?

काकांची एक सवय होती. वाचून झालेलं प्रत्येक कच्चं पान ते लाल पेन्सिलीने खूण करून कपाटात ठेवायचे. कधी कुणी "ही चूक तुमची" म्हणालं तर कपाट उघडून तोंड बंद करायला. त्यांनी कपाट उघडलं. त्या तारखेचं पाचवं पान सापडलं. उजवीकडे खाली भावजी, आणि खाली लाल खूण. सूचनेचा मागमूस नव्हता.

हुश्श झालं त्यांना. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. आपण स्वच्छ आहोत याचा कागदी पुरावा हातात असणं किती छान असतं! पान घडी करून त्यांनी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं आणि काचेच्या खोलीत गेले.

"साहेब, पान पाचची भानगड काय आहे?"

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "काय सांगता!" म्हणाले नाहीत. काकांनी ते टिपलं. धक्का बसलेला माणूस मधे बोलतो.

"काका," ते उठून आले आणि अपेक्षेप्रमाणे खांद्यावर हात पडला. "छपाई चालू असताना उशिरा मजकूर येतो, पान बदलावं लागतं. नवीन आहे का हे? काही प्रती आधीच्या निघतात, काही नंतरच्या."

"घरोघरी गेल्या त्या सगळ्या एकजात आधीच्या, आणि कार्यालयात गेल्या तेवढ्या नंतरच्या?"

"योगायोग हो." हात खांद्यावरच होता. "चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. छान निरोप देऊ तुम्हाला. या वयात कशाला डोक्याला ताप? आणि ते कच्चं पान असेल तुमच्याकडे, ते द्या बरं इकडे. बघून ठेवतो."

"घरी आहे," काका म्हणाले, आणि बनियनखालचा कागद वाजू नये म्हणून श्वास धरून बाहेर आले. बावीस वर्षांत साहेबांशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि गंमत म्हणजे अगदी सहज बोलले.

पान लावायचं काम एकाचंच, पानवाल्याचं. दुपारी तो जिन्याखाली चहा प्यायला उतरला तेव्हा काका त्याच्या मागोमाग गेले आणि आडवळण न घेता विचारलं, "पान पाच दोनदा कुणी लावलं?"

पानवाल्याने कानातलं काढलं. घाबरला नाही, उलट गोंधळला. "मी लावलं. साहेबांनी सांगितलं होतं. पहिल्या पंचवीस प्रतींसाठी सूचनेचं पान, मग ते उतरवायचं आणि नेहमीचं चढवायचं. पंचवीस प्रती कार्यालयाच्या फायलीला, आपल्या दफ्तराला, बाकी त्या रस्त्याच्या ठेकेदाराला. पण काका, हे तुम्ही मला का विचारताय?"

"मग कुणाला विचारू?"

"अहो, तुमची सही होती ना!"

"कसली सही?"

"दाखल्यावर. प्रसिद्धीच्या." पानवाला आता त्यांच्याकडे निरखून पाहत होता, जसे काका सकाळपासून सगळ्यांकडे पाहत होते. "सूचना सर्व प्रतींत छापून आली, मी स्वतः वाचून खात्री केली आहे, खाली तुमची सही. त्याच्याशिवाय कार्यालय अंक घेतच नाही. मी म्हटलं, काकांना माहीत आहे म्हणजे वरपर्यंत ठरलेलं असेल. आम्ही सगळे तेच धरून चाललो. जाहिरातवाल्या बाई तर म्हणाल्या होत्या, सख्ख्या बहिणीची गल्ली आणि माणूस पापणी हलवत नाही, काय काळीज आहे!"



कार्यालयाला दाखला लागायचा शुक्रवारी, आणि शुक्रवारी काकांची सुट्टी असायची. म्हणून दर महिन्याला एखाद्या गुरुवारी, पानांची घाई शिगेला पोचलेली असताना, जाहिरातवाल्या बाई कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा सरकवायच्या. "काका, सह्या." आणि काका डोळे पानावरून न काढता डाव्या हाताने कागद सरकवत उजव्याने दहा-बारा सह्या करून टाकायचे. वर नंतर काय लिहिलं जातं ते बघायला ते तिथे नसायचे. छापील अक्षराला ते जिवापाड जपत. पण दाखला अंकात छापला जात नव्हता, त्यामुळे तो वाचायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. जगातला प्रत्येक कागद वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या सहीवरचा तेवढा वाचला नव्हता.

सकाळपासून ते कचेरीत चोर शोधत होते, आणि सगळी कचेरी त्यांना त्या चोरांचा म्होरक्या समजत होती.

*

रविवारी ते ताईकडे गेले. बुधवारखेरीज कधी जात नसत. गल्लीत शिरताना शिंप्याने मशीन थांबवलं आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा सुरू केलं. दोन बायका दारात बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. काकांना वाटलं, सहीचं यांना कळलं की काय. मग वाटलं, कळलं असतं तर गप्प बसल्या नसत्या.

ताई बाळांची दुपटी घड्या करत होती. रविवारी बाळं नसायची, खोली मोठी वाटायची.

"डोंगराच्या पायथ्याशी मी गेले तर ही पोरं कुणाकडे ठेवतील त्या बायका?" ती म्हणाली. "आणि मी काय करेन तिथे? भिंतीकडे बघत बसेन?"

काकांनी तिला कपाटातल्या पानाबद्दल सांगितलं, पंचवीस प्रतींबद्दल सांगितलं, ठेकेदाराबद्दल सांगितलं. पानवाला नोकरी सांभाळून आहे, तो कार्यालयात येऊन बोलणार नाही, हेही सांगितलं. सही जिभेच्या टोकापर्यंत आली आणि परत गेली.

"मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय," ताई म्हणाली. "माझा भाऊ भोळा असेल, बावळट असेल, पण त्यांना सामील नाही. खरं आहे ना हे, बारक्या?"

"खरं आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी डब्यातली साखर खाल्ल्यावर पाहायची तसंच. मग दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली. "चहा टाकते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी निघता निघता संपादकांचा फोन आला. आवाजात गोडवा तेवढाच होता. "काका, तुम्ही तिथे कच्चं पान दाखवणार असं ऐकतोय. दाखवा हो, तुमचा हक्क आहे. फक्त एक लक्षात ठेवा. आमच्याकडून चूक झाली असं म्हणता येतं. पण खोटा दाखला हा गुन्हा आहे, आणि त्यावर माझी सही नाही."

*

प्रभाग कार्यालयाचा दुसरा मजला. लांबट दालन, मधे टेबल, टेबलामागे सर्दीने बेजार झालेल्या अधिकारी बाई. पुढच्या बाकांवर गल्ली बसली होती. मागच्या बाकांवर इतर कामांसाठी आलेले लोक आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन नंबर लागायची वाट बघत होते. संपादक भिंतीपाशी उभे होते, मदतीला आल्यासारखे.

शिंपी बोलला, भराभर आणि चांगलं बोलला. मग काकांनी कच्चं पान आणि ताईने काचेतून काढलेलं कात्रण टेबलावर ठेवलं. अधिकारी बाईंनी दोन्ही पाहिलं, फायलीतला अंक पाहिला, नाक पुसलं.

"हे कच्चं पान आहे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या क्षणी पान बदललं असं साप्ताहिकाचं म्हणणं आहे. आणि हे कात्रण म्हणजे एका प्रतीतलं. माझ्याकडे दाखला आहे की सूचना सर्व प्रतींत आली. जबाबदार माणसाची सही आहे. तुमच्या दोन कागदांवर मी हा दाखला खोटा कसा ठरवू?"

काकांनी मान वळवून ताईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"ती सही माझी आहे," ते म्हणाले.

पुढच्या बाकावरून शिंप्याचा आवाज आला, "बघा! मी म्हणत नव्हतो?"

"सही माझी आहे, पण दाखला मी वाचलेला नाही," काका घाईने पुढे म्हणाले. "मी कोऱ्यावर सह्या करतो. महिन्याला दहा-बारा. शुक्रवारी मला सुट्टी असते म्हणून. वर काय लिहितात मला माहीत नसतं. ती सूचना मी जन्मात पाहिली नव्हती. खात्री केली असं जे लिहिलंय ते खोटं आहे. खात्री मी केलेली नाही. कधीच केली नाही."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लेखी द्याल?"

"देतो."

"तुमच्यावर कारवाई होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

भिंतीपाशी संपादक घड्याळ बघत होते. काकांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं, आणि यावेळी खाली सही करायच्या आधी तीनदा वाचलं. अधिकारी बाईंनी ते फायलीला लावलं आणि नाकातल्या आवाजात सांगितलं की दाखला ग्राह्य धरता येत नाही, सूचना पुन्हा काढावी लागेल, हरकतींची मुदत नव्याने सुरू होईल, तोवर कुणीही घर सोडायचं नाही. गल्ली उठली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिंप्याच्या पाठीवर थाप मारली. काकांच्या पाठीवर कुणी मारली नाही, पण दोघं जाता जाता थांबले, काहीतरी बोलावंसं वाटून न बोलता निघून गेले. ताई बसूनच होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

काका तिच्याकडे निघाले, तर मागच्या बाकावरची एक बाई मधे आली. चाळिशीची असेल. पाण्याच्या मीटरची तक्रार घेऊन आली होती. अर्ज अजून हातातच होता. दुसऱ्या हाताने ती पिशवीत काहीतरी शोधत होती.

"थांबा हं, साहेब. एक मिनिट." तिने घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढला. दाखल्याची छायाप्रत होती, कायम जवळ बाळगलेली. "आमची घरं टेकडीखाली होती. सहा वर्षं झाली. आम्हालाही सांगितलं होतं, सूचना छापून आली, तुम्ही हरकत घेतली नाही. आम्ही म्हटलं, आपलंच चुकलं, आपण पेपर वाचत नाही. माझे सासरे मरेपर्यंत मला बोलत होते, तू शिकलेली, तुला साधा पेपर वाचता आला नाही." तिने कागद पुढे धरला. "ही सही तुमची आहे का?"

काकांचा हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला आणि वाटेतच थांबला. भिंगाची गरज नव्हती.

"हो," ते म्हणाले.

"वर काय लिहिलंय ते वाचलं होतंत?"

"नाही."

ती बाई रडली नाही, ओरडली नाही. नुसती मान हलवत राहिली, सहा वर्षांचं एखादं गणित एकदाचं सुटल्यासारखी. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

काकांनी आधाराला मागे पाहिलं. ताई उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने त्या बाईच्या हातातला कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून सही पाहिली आणि परत दिला.

"माझं घर वाचलं, बारक्या," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी तुला माफ करेन. हिने कशासाठी करायचं?"

त्या बाईच्या मागे तोवर आणखी दोघं जण बाकावरून उठले होते आणि आपापल्या पिशव्यांतले कागद उलगडत होते.